तेलाचा भाव कढईतच ठरतो



ज्या गुरुजींच्या स्मरणार्थ ही व्याख्यानमाला चालते, त्यांनी आयुष्यभर रसायनशास्त्र शिकवलं. म्हणून आयोजकांनी विषयाची मोकळीक दिली तेव्हा मी असा विषय घेतला, ज्याचा कच्चा माल गोंदियातल्या या सभागृहापासून हाकेच्या अंतरावर रोज तयार होतो. समोसे, आलुबोंडे, भजी, कचोऱ्या तळून झाल्यावर कढईत उरलेलं तेल. आणि त्यापासून जे होऊ शकतं ते आपण सगळे रोज वापरतो: विजेच्या वायरीवरचं वेष्टण, बागेतला मऊ नळ, स्वस्त चप्पल, मोटरसायकलच्या सीटचं रेक्झिन, पावसाळी कोट. या सगळ्या वस्तू मऊ पीव्हीसीच्या असतात, आणि पीव्हीसीला मऊ करणारा पदार्थ तेलापासून बनवता येतो. टाकाऊ तेलापासूनही येतो. पण कुठल्याही टाकाऊ तेलापासून नाही, आणि माझं आजचं सगळं सांगणं या ‘पण’विषयी आहे.

पीव्हीसी मुळात कडक. घराच्या छतावरून उतरणारा पाण्याचा पाइप म्हणजे पीव्हीसीचं खरं रूप. त्याच्या लांबच लांब रेणूसाखळ्यांवर क्लोरीनचे अणू असतात, त्यांच्या विद्युत आकर्षणानं साखळ्या एकमेकींना घट्ट धरून बसतात. 1926 साली अमेरिकेतल्या बी. एफ. गुडरिच कंपनीत वाल्डो सेमन हा रसायनशास्त्रज्ञ रबर धातूला चिकटवणारा पदार्थ शोधत होता. त्यासाठी त्यानं हे त्या काळी बिनकामाचं समजलं जाणारं पीव्हीसी उच्च उत्कलनबिंदूच्या द्रवात गरम केलं. थंड झाल्यावर हाताला आला तो लवचीक, रबरासारखा गोळा. चिकटवण्याचं काम त्यानं केलं नाही, पण मऊ पीव्हीसीचा उद्योग तिथून सुरू झाला. त्या द्रवाचे रेणू साखळ्यांच्या मधे शिरतात आणि त्यांना एकमेकींवरून सरकू देतात. भात शिजवताना आपण तेलाचा थेंब घालतो, शितं मोकळी राहतात, तसंच हे. या द्रवाला प्लास्टिसायझर म्हणतात. मऊ वस्तूत तो थोडाथोडका नसतो. शंभर किलो पीव्हीसीला चाळीस ते पन्नास किलो, कधी त्याहूनही जास्त.

गेली कित्येक दशकं हे काम प्रामुख्यानं थॅलेट वर्गातले पदार्थ करत आले. त्यांतला सगळ्यात प्रसिद्ध म्हणजे डीईएचपी, बाजारात ज्याला डीओपी म्हणतात. स्वस्त, गुणी, पेट्रोलियमपासून बनणारा. त्याची अडचण अशी की तो साखळीला रासायनिक बंधानं जोडलेला नसतो, नुसता मधे असतो. म्हणून हळूहळू बाहेर येतो. उन्हात वायर कडक होऊन तडकते ती याच कारणानं, आणि लहान मूल मऊ खेळणं चघळतं तेव्हा हा पदार्थ त्याच्या तोंडात उतरतो तोही याच कारणानं. शरीरातल्या संप्रेरकांच्या कामात तो ढवळाढवळ करतो हे दिसल्यावर युरोपीय संघानं 1999 मध्ये तोंडात घालायच्या खेळण्यांसाठी तातडीची बंदी आणली, 2005 मध्ये ती कायम केली. अमेरिकेत 2008 मध्ये कायदा झाला. आपल्याकडे 1 जानेवारी 2021 पासून खेळण्यांना भारतीय मानक सक्तीचं झालं आणि त्या मानकमालेत थॅलेटचा भाग आहे. खेळण्यांपलीकडच्या वस्तूंत मात्र डीओपी आजही भरपूर वापरला जातो.

आता तेलाकडे वळू, आणि इथं मला जरा रेंगाळू द्या.

तेलाचा रेणू म्हणजे ग्लिसरीनला जोडलेली तीन मेदाम्लं. या मेदाम्लांच्या कार्बनसाखळीत काही ठिकाणी दुहेरी बंध असतात. तेल पातळ का राहतं, ते लवकर खवट का होतं, जवसाचं तेल लाकडावर लावलं की वाळून पापुद्रा का धरतं, या सगळ्याचं उत्तर त्या दुहेरी बंधांत आहे. ते किती आहेत हे मोजण्यासाठी आयोडीन मूल्य नावाची जुनी, साधी कसोटी आहे. शंभर ग्रॅम तेल किती ग्रॅम आयोडीन शोषतं, तो आकडा. पामतेलाचा 50 ते 55. भुईमूग 85 ते 100. राइस ब्रॅन तेल शंभराच्या आसपास. सोयाबीन 120 ते 140. आणि जवस 170 च्या पुढे.

1940 च्या दशकात अमेरिकी कृषी खात्याच्या फिलाडेल्फियातल्या प्रयोगशाळेत डॅनिएल स्वर्न आणि त्याच्या सहकाऱ्यांनी या दुहेरी बंधांवर ऑक्सिजनचा एकेक अणू बसवण्याच्या पद्धती पक्क्या केल्या. दोन कार्बन आणि एक ऑक्सिजन मिळून तीन कोनांचं छोटं कडं तयार होतं, त्याला इपॉक्साइड म्हणतात. साधं तेल पीव्हीसीत मिसळलं तर ते टिकत नाही, पृष्ठभागावर झिरपून येतं, कारण त्याचं पीव्हीसीशी जमत नाही. इपॉक्साइडची कडी बसली की जमतं. वर एक फायदा फुकट मिळतो. पीव्हीसी तापलं की त्यातून हायड्रोक्लोरिक आम्ल सुटतं आणि ते आम्लच पुढची पडझड वेगानं घडवतं. इपॉक्साइडचं कडं हे आम्ल टिपून घेतं. म्हणजे तेल मऊपणाही देतं आणि राखणही करतं. इपॉक्सिडाइज्ड सोयाबीन तेल जगभर कित्येक वर्षं या दुहेरी कामासाठी विकलं जातं आहे. पीव्हीसीची ही पडझड रोखायला वापरले जाणारे शिशाचे स्थिरक काढून टाकण्याकडे आता उद्योगाची वाटचाल आहे. आपल्या देशात पीव्हीसी पाइपांबाबत तसे नियम 2021 मध्ये आले. शिशाच्या जागी जे कॅल्शियम-जस्ताचे स्थिरक येतात, त्यांना या तेलाची जोड चांगली मानवते.

जवसाचा उल्लेख मी उगाच केला नाही. धान कापणीला यायच्या आधी, बांधीत ओल असतानाच, उभ्या धानात लाखोळी आणि जवस फेकायची रीत या पट्ट्यात जुनी आहे. वेगळी नांगरट नाही, वेगळं पाणी नाही. विदर्भात जवसाचं तेल खाण्यात होतं हे इथल्या वडीलधाऱ्यांना सांगायला नको. एकोणिसाव्या शतकात मध्य प्रांतातला जवस मुंबई बंदरातून युरोपला जाई. तिथं त्या तेलाचे रंग होत, आणि 1860 च्या दशकात फ्रेडरिक वॉल्टननं इंग्लंडमध्ये काढलेलं लिनोलियम, म्हणजे घट्ट केलेल्या जवस तेलाचं फरशीवरचं आच्छादन, तेही होई. पुढे पीव्हीसीच्या स्वस्त आच्छादनानं लिनोलियमची बाजारपेठ खाल्ली. आज इपॉक्सिडाइज्ड जवस तेल हा पीव्हीसीसाठीचा उत्तम दर्जाचा, महाग पदार्थ मानला जातो, कारण जितके दुहेरी बंध तितकी कडी. ताजं जवस तेल प्लास्टिकमध्ये घालावं असं मी म्हणत नाही. देशाला लागणाऱ्या खाद्यतेलापैकी निम्म्याहून जास्त आपण आयात करतो. खाण्याजोगं तेल खाण्यासाठीच राहावं, याविषयी माझ्या मनात शंका नाही. म्हणूनच प्रश्न येतो तो खाऊन झालेल्या तेलाचा.

कढईत तेलाचं तीन बाजूंनी नुकसान होतं. बटाट्यातलं, बेसनातलं पाणी वाफ होताना तेलाचे रेणू फोडतं आणि मेदाम्लं मोकळी होतात, आम्लता वाढते. हवेतला ऑक्सिजन दुहेरी बंधांवर तुटून पडतो. आणि 180 अंशांच्या आसपास तासन् तास राहिलेले रेणू एकमेकांना चिकटून मोठे होतात, तेल दाट आणि चिकट होतं, फेस धरतं. आरोग्याच्या दृष्टीनं या सगळ्याची बेरीज म्हणून ध्रुवीय संयुगांचं एकूण प्रमाण मोजतात. भारतीय अन्न सुरक्षा आणि मानके प्राधिकरणानं 1 जुलै 2018 पासून त्याची मर्यादा 25 टक्के ठरवली. त्यापुढे ते तेल माणसाच्या खाण्यात येता कामा नये.

आता रसायनाच्या नजरेनं पाहा. इपॉक्साइडचं कडं ज्या दुहेरी बंधावर बसायचं, तेच बंध कढईत आधी खर्ची पडतात. ताज्या सोयाबीन तेलापासून साडेसहा ते सात टक्के इपॉक्साइड ऑक्सिजनचा माल बनतो. पामतेल कितीही ताजं असलं तरी तीन टक्क्यांच्या आसपास थांबतं, कारण मुळात बंधच कमी. त्यातून ते आठवडाभर कढईत जळलेलं असेल तर त्यातून इंधन होईल, साबण होईल, पण चांगला प्लास्टिसायझर होणार नाही. आणि आपल्याकडे होतं काय? सोयाबीन, पाम, डालडा, सगळं एकाच पिंपात. कालचं, परवाचं आणि गेल्या आठवड्याचं एकत्र. संध्याकाळी त्यातलंच थोडं पुन्हा ताज्या तेलात. कारखान्यात कितीही उत्तम रिअॅक्टर बसवा, अशा पिंपातून हरवलेले बंध तो परत आणू शकत नाही. म्हणून मी म्हणतो, तेलाचा पुढचा भाव कढईवर उभा असलेला माणूस ठरवतो. या उद्योगातला पहिला कामगार तोच आहे, आणि त्याला त्याची मजुरी मिळाली पाहिजे.

गोंदियाला हा धडा नवा नाही. आपल्या गिरण्यांतून निघणाऱ्या कोंड्याचंच पाहा. धान भरडल्याबरोबर कोंड्यातलं लायपेज नावाचं विकर तेल फोडायला लागतं. लवकर तेल काढलं नाही तर आम्लता चढते आणि खाण्याचं तेल साबणाच्या लायकीचं उरतं. उष्ण्या धानाचा कोंडा जास्त टिकतो, कारण उकडताना ते विकर मरतं. कोंडा घेणारा कारखानदार तेलाचं प्रमाण आणि आम्लता बघून बोली लावतो. ज्या जिल्ह्यात कोंड्यासारखी वस्तू तपासून, प्रतीनुसार विकली जाते, त्या जिल्ह्यात वापरलेलं तेल मात्र डबा पाहून, अंदाजानं विकलं जातं. हे मला पटत नाही.

सरकारी व्यवस्था काही प्रमाणात उभी आहे. 10 ऑगस्ट 2018 रोजी अन्न सुरक्षा प्राधिकरणानं वापरलेलं तेल दुसऱ्या कामी लावण्याचा ‘रुको’ हा उपक्रम सुरू केला. तळणासाठी दिवसाला 50 लिटरपेक्षा जास्त तेल वापरणाऱ्यांनी नोंद ठेवायची आणि वापरलेलं तेल अधिकृत संकलकाकडेच द्यायचं, असा नियम आहे. 2019 मध्ये तेल कंपन्यांनी शंभर शहरांत अशा तेलापासून बायोडिझेल घेण्यासाठी निविदा मागवल्या आणि पहिल्या वर्षी लिटरला 51 रुपये भाव जाहीर केला. हे चांगलं झालं. पण 50 लिटरची अट गोंदियासारख्या ठिकाणी कुणाला लागू पडते? मोठी कॅटरिंग, एखादं फरसाणाचं कारखानावजा दुकान. गोरेलाल चौकातली गाडी, स्टेशनबाहेरचा ठेला, आमगाव-देवरीच्या नाक्यावरचं हॉटेल यांतून दिवसाला दोन-तीन लिटरच बाजूला निघतं. आणि दिवाळीनंतर गावोगाव मंडई भरते, रात्रभर नाटक चालतं, त्या मैदानावर जिलेबी-भज्यांच्या कढया ओळीनं लागतात. माघ पौर्णिमेला कचारगडला यात्रा भरते. या सगळ्या ठिकाणच्या तेलाची नोंद ठेवायला कुणीही बांधील नाही. ते नालीत जातं, नाहीतर त्याहून वाईट म्हणजे कमी दरात दुसऱ्या कढईत जातं. घेणारा गरीब, खाणारा गरीब.

कुणी म्हणेल, बायोडिझेल होतंय ना, मग प्लास्टिसायझर कशाला? दोन्ही होऊ देत. आता तर विमानाच्या इंधनासाठीही वापरलेल्या तेलाला मागणी आहे. 2027 पासून आंतरराष्ट्रीय उड्डाणांच्या इंधनात एक टक्का शाश्वत इंधन मिसळण्याचं उद्दिष्ट आपल्या सरकारनं ठेवलं आहे. पण जाळायला दुहेरी बंध लागत नाहीत. उलट इंधनात ते जास्त असले तर साठवणीत त्रास देतात. म्हणून ज्या तेलात बंध शिल्लक आहेत ते वेगळं काढावं आणि त्याची वर्षानुवर्षं टिकणारी वस्तू करावी. ज्यात शिल्लक नाहीत ते इंधनाला द्यावं. निवड आधी, उपयोग नंतर.

प्रक्रिया थोडक्यात सांगतो. तेल गाळायचं, पाणी काढायचं, आम्लता उतरवायची. इथं आपल्या गिरण्यांच्या तुसाची राख उपयोगी पडू शकते. तिच्यातलं सिलिका मेदाम्लं आणि रंग शोषून घेतं, यावर बरंच संशोधन झालेलं आहे. मग मिथेनॉलबरोबर अभिक्रिया करून मिथिल एस्टर बनवायचे. हेच बायोडिझेल. त्याचं निर्वात ऊर्ध्वपातन केलं की चिकटून मोठे झालेले रेणू तळाशी राहतात आणि वर स्वच्छ, पातळ द्रव मिळतो. त्यावर फॉर्मिक आम्ल आणि हायड्रोजन पेरॉक्साइड यांची 60 ते 65 अंशांवर थेंबाथेंबानं क्रिया करायची. शेवटची ही पायरी भयंकर उष्णता सोडते. पेरॉक्साइड घाईनं ओतलं किंवा थंड करणारं पाणी थांबलं तर रिअॅक्टर फुटतो. सभेत तरुण बसले आहेत म्हणून स्पष्ट सांगतो, हे शेडमध्ये, ड्रममध्ये करायचं काम नाही. यूट्यूबवर पाहून तर मुळीच नाही.

त्यासाठी शिकलेली माणसं आपल्या विदर्भातच आहेत. कामठीचे खाणमालक रावबहादूर डी. लक्ष्मीनारायण यांनी आपली संपत्ती नागपूर विद्यापीठाला दिली, ती उपयोजित विज्ञान आणि रसायन शिकवण्यासाठी. त्यातून 1942 मध्ये लक्ष्मीनारायण तंत्रशास्त्र संस्था उभी राहिली. तेलतंत्रज्ञान हा तिथला जुना, मानाचा विषय, आणि आता संस्थेला स्वतंत्र विद्यापीठाचा दर्जा मिळाला आहे. मँगनीज खणून मिळवलेला पैसा एका माणसानं रसायनशास्त्राला दिला, याचं मोल मला फार वाटतं. गोंदियाहून नागपूर रेल्वेनं दोन-अडीच तासांवर आहे. आपल्या तेलाचे प्रश्न घेऊन तिथं जायला हवं.

मर्यादाही सांगायला हव्यात, नाहीतर हे व्याख्यान जाहिरात होईल. तेलापासूनचा प्लास्टिसायझर डीओपीची संपूर्ण जागा घेऊ शकत नाही. इपॉक्सिडाइज्ड तेल फार घातलं तर ऊन-वारा लागून ते पुन्हा वर झिरपतं. मिथिल एस्टरचा प्रकार पातळ असल्यानं चांगला मिसळतो, पण उष्णतेत लवकर उडतो. त्यामुळे एकूण प्लास्टिसायझरचा पाचवा, चौथा हिस्सा हे प्रामाणिक उद्दिष्ट आहे. आणि टाकाऊ तेलाचा माल अन्नाला लागणाऱ्या वस्तूंत, खेळण्यांत, सलाइनच्या नळीत किंवा रक्ताच्या पिशवीत जाऊ नये. ताज्या सोयाबीन तेलापासून केलेला मालसुद्धा बरणीच्या झाकणातून तेलकट अन्नात उतरतो. म्हणून युरोपनं त्याला किलोमागे 60 मिलिग्रॅमची आणि बाळांच्या अन्नाला 30 ची मर्यादा घातली आहे. आपला माल वायरीला, चपलेला, गाडीच्या सीटला, शेतातल्या नळाला. एवढी बाजारपेठ पुष्कळ आहे.

आता गोंदियाचा हिशेब करू. समजा एका दुकानातून दिवसाला दोन लिटर तेल वेळेवर बाजूला काढलं जातं. अशी शंभर दुकानं. महिन्याला सहा हजार लिटर, वजनात साधारण साडेपाच टन. पाणी, गाळ, खराब भाग वजा करून चार टन धरू. शंभर किलो पीव्हीसीला पन्नास किलो प्लास्टिसायझर आणि त्यातले दहा किलो आपले, या दरानं चार टनांत चाळीस टन पीव्हीसीचं काम होतं. वायरीच्या किंवा चपलांच्या छोट्या कारखान्यासाठी ही मात्रा क्षुल्लक नाही. पण इपॉक्सिडेशनचा स्वतंत्र प्रकल्प चालवायला ती अपुरी आहे. म्हणून मुंडीपारच्या औद्योगिक वसाहतीत मोठा रासायनिक कारखाना काढा, अशी मागणी मी करणार नाही. तिथं गाळणं, वाळवणं, आम्लता उतरवणं आणि प्रत लावणं एवढंच केंद्र असावं. भंडारा, बालाघाट, राजनांदगावचं तेलही तिथं येऊ शकतं. शेवटची धोकादायक पायरी ज्यांच्याकडे तशी यंत्रणा आहे त्यांनी करावी. आपण विकायचं ते प्रमाणित तेल.

प्रत लावायला तीन आकडे पुरेत. ध्रुवीय संयुगं मोजणारं हातातलं उपकरण गरम तेलात बुडवलं की मिनिटाच्या आत आकडा देतं. आम्ल मूल्य आणि आयोडीन मूल्य हे तर बी.एस्सी.च्या प्रात्यक्षिकांतलं काम आहे: ब्युरेट, फिनॉल्फ्थॅलीन, थायोसल्फेट. दर वर्षी आपल्या महाविद्यालयांत शेकडो मुलं बाजारातून आणलेल्या ताज्या तेलावर ही टायट्रेशन करतात आणि वही पूर्ण करतात. तीच मुलं गावातल्या कढईतलं तेल तपासतील तर वहीतला आकडा एखाद्या दुकानदाराच्या हातात भाव म्हणून पडेल. आयोडीन मूल्य चांगलं असलेल्या तेलाला इंधनापेक्षा चार पैसे जास्त, पामतेलाला इंधनाचा भाव, आणि 25 टक्क्यांपुढे गेलेल्यालाही काहीतरी, म्हणजे ते दुसऱ्या कढईत जाणार नाही. वेळेवर तेल बदलणाऱ्याला बक्षीस मिळतं, आणि त्याच्या गिऱ्हाइकाला बरं तेल. तेल बदला म्हणून उपदेश करण्यापेक्षा हा मार्ग मला जास्त भरवशाचा वाटतो.

दुकानदार मंडळींना आज फक्त दोन गोष्टी मागतो. सोयाबीनचा आणि पामचा डबा वेगळा ठेवा. आणि डब्यावर तेल कढईतून काढल्याची तारीख खडूनं लिहा. प्राध्यापक मंडळींनी यंदाच्या प्रात्यक्षिकांत हे नमुने घ्यावेत, मंडईच्या हंगामाआधी पहिली यादी तयार व्हावी. नमुना कसा घ्यायचा, किती घ्यायचा, बाटली कशी ठेवायची याचा एक पानाचा मराठी कागद मी आयोजकांकडे देऊन जातो. ज्यांना हवा त्यांनी सभा संपल्यावर मागून घ्यावा.